म्हातारपणी घोडागाडीवाल्याने लावलेला शोध, जो जुन्या गाड्यांच्या पुढच्या चाकात आजही फिरतोय

गाडी जुनी झाली की तिचे काही ठरलेले आजार असतात. त्यातला एक म्हणजे चाकातून येणारा घूं घूं आवाज. वेग वाढला की आवाज वाढतो, गिअर बदलून फरक पडत नाही. गॅरेजवाला पुढचं चाक जॅकवर उचलतो, वर आणि खाली धरून हलवतो, हाताने गरागरा फिरवतो आणि निकाल देतो. बेअरिंग गेलं.

मग तुम्ही स्पेअर पार्टच्या दुकानात जाता. जुनी व्हॅन, जीप, ट्रक किंवा ट्रॅक्टर असेल तर काउंटरवरचा माणूस बऱ्याचदा एक टेपर बेअरिंग पुढे सरकवतो. एकीकडे जाड, दुसरीकडे निमुळतं. आत तिरके बसवलेले छोटे छोटे रोलर. दिसायला साधं, पण गाडीचं वजन आणि वळणावरचा सगळा ताण हेच बेअरिंग सोसतं.

या बेअरिंगला वापरण्याजोगं रूप देणारा माणूस मोटारीच्या धंद्यातला नव्हताच. तो घोडागाड्या बनवायचा. आणि ज्या वयात लोक नातवंडं खेळवतात, त्या वयात त्याने हे पेटंट मिळवलं.

त्याचं नाव हेन्री टिमकेन.

शेतीत मन रमलं नाही

टिमकेनचा जन्म १६ ऑगस्ट १८३१ चा. गाव जर्मनीतल्या ब्रेमेनजवळचं. मूळ नाव हाइनरिश. लहानपणीच आई गेली. वडील जेकब यांच्या पदरी पोरांचं लेंढार. तिकडे राहून काही भलं होईल असं त्यांना वाटेना, म्हणून १८३८ साली ते सगळ्या मुलांना घेऊन जहाजात बसले आणि अमेरिकेला निघाले. हेन्री तेव्हा सहा-सात वर्षांचा होता.

कुटुंब मिसूरी राज्यात स्थिरावलं. वडिलांनी शेती धरली. पण हेन्रीचं मन नांगरात नव्हतं, चाकात होतं. सोळाव्या वर्षाच्या आसपास तो सेंट लुईस शहरात आला आणि कॅस्पर शुर्मायर नावाच्या गाड्या बनवणाऱ्या कारागिराकडे उमेदवारी करायला लागला.

आता हे सेंट लुईस काय प्रकरण होतं ते समजून घ्या. मिसिसिपी नदीच्या काठावरचं हे शहर म्हणजे त्या काळी पश्चिमेकडे जाणाऱ्यांचा दरवाजा. ज्याला पश्चिमेला जमीन घ्यायची आहे, सोनं शोधायचं आहे, व्यापार करायचा आहे, तो इथून पुढे निघणार. आणि निघणार म्हणजे गाडी लागणार. त्यामुळे सुतार, लोहार, चाकं बनवणारे यांना शहरात मरण नव्हतं. जर्मन माणसांची वस्तीही मोठी होती. पोराला काम शिकायला यापेक्षा चांगली जागा मिळाली नसती.

१८५५ साली त्याने स्वतःचा गाडीचा कारखाना काढला. त्याच वर्षी फ्रेडरिका हाइन्झेलमन हिच्याशी लग्न केलं. हे आडनाव लक्षात ठेवा, पुढे ते पुन्हा येणार आहे.

सगळं काही सरळ रेषेत झालं नाही. कोलोरॅडोत सोनं सापडल्याची हाळी उठली तेव्हा हा गडीही नशीब आजमावायला तिकडे जाऊन आला. हाताला सोनं काही लागलं नाही, परत गाड्यांच्या धंद्यात. मग अमेरिकेचं यादवी युद्ध आलं, त्यात त्याने मिसूरीच्या फौजेत कॅप्टन म्हणून काम केलं. युद्ध संपल्यावर पुन्हा कारखाना.

पहिला पैसा स्प्रिंगने दिला

टिमकेनला बेअरिंगने मोठं नाव दिलं, पण श्रीमंत त्याला आधीच एका स्प्रिंगने केलं होतं.

त्या काळच्या बग्गीत बसणं म्हणजे हाडं खिळखिळी करून घेणं. कच्चे रस्ते, लाकडी चाकं, त्यावर लोखंडी धाव. प्रत्येक खड्डा थेट मणक्यात. टिमकेनने हे गचके कमी करणारी एक स्प्रिंग तयार केली आणि १८७७ साली तिचं पेटंट घेतलं. टिमकेन बग्गी स्प्रिंग या नावाने ती देशभर गाजली.

इथे त्याचं डोकं कसं चालायचं ते दिसतं. सगळ्या बग्ग्या आपणच बनवू असा हट्ट त्याने धरला नाही. इतर गाडीवाल्यांना त्याने स्प्रिंग वापरायचे हक्क दिले आणि त्याबदल्यात रॉयल्टी घेतली. गाडी कोणाचीही विको, पैसा टिमकेनकडे येणार. आयुष्यभरात त्याच्या नावावर एकूण १३ पेटंट जमा झाली.

पैसा इतका आला की १८८७ साली, वयाच्या छपन्नाव्या वर्षी, त्याने निवृत्ती घेतली. सेंट लुईसची थंडी सोडून कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगोला समुद्रकाठी राहायला गेला. गोष्ट इथेच संपायला हरकत नव्हती.

पण आयुष्यभर हातात हातोडा घेतलेला माणूस नुसता समुद्राकडे बघत किती दिवस बसणार? काही वर्षांत तो सेंट लुईसला परतला आणि पुन्हा गाड्यांच्या धंद्यात उतरला. या वेळी सोबत विल्यम आणि हेन्री ही दोन मुलं होती.

तोवर अमेरिकेत पेटंटची मुदत १७ वर्षांची होती. म्हणजे १८७७ च्या स्प्रिंगचं पेटंट १८९४ ला संपलं. आता ती स्प्रिंग कोणीही फुकटात बनवू शकत होतं. नवीन काहीतरी शोधणं भाग होतं.

आस, वंगण आणि घामाघूम झालेलं खेचर

टिमकेनसमोर प्रश्न होता तो घर्षणाचा.

हा प्रश्न आपल्याला परका नाही. आपल्याकडच्या बैलगाडीचं चाक आठवा. आरे, धाव, मधला तुंबा आणि त्या तुंब्यातून जाणारा लोखंडी आस. तुंबा थेट आसावर घासत फिरतो. म्हणून गाडीवान वंगण घालत राहतो. वंगण सुकलं की चाक कुरकुरतं, आस तापतो, झिजतो आणि बैलांच्या मानेवर ओझं वाढतं. अमेरिकेतल्या मालगाड्यांची गतही अशीच होती. बैलांच्या जागी घोडे आणि खेचरं, एवढाच फरक.

घासण्यापेक्षा घरंगळणं सोपं, हे माणसाला फार आधीपासून माहीत आहे. जड दगड ओंडक्यांवरून ढकलला की हलका जातो. १७९४ साली वेल्समधल्या फिलिप वॉन याने गाडीच्या आसासाठी गोळ्यांच्या बेअरिंगचं पेटंटही घेतलं होतं. १८८३ च्या सुमारास जर्मनीतल्या श्वाइनफुर्ट गावात फ्रिडरिश फिशर याने एकसारखे पोलादी गोळे घासून काढणारं यंत्र बनवलं आणि बॉल बेअरिंग सायकलींमध्ये सर्रास बसायला लागलं.

मग टिमकेनला वेगळं काय करायचं होतं?

वळणाचा घोळ

चाकावर ताण दोन प्रकारचा येतो.

पहिला वरून खाली. गाडीचं आणि मालाचं वजन. दुसरा आडवा. गाडी वळते तेव्हा वरचा भार बाहेरच्या बाजूला ढकलला जातो आणि चाक आसावर आडवं रेटलं जातं. रस्ता एका बाजूला कललेला असला तरी तेच.

गोळा कितीही चांगला असला तरी तो एका बिंदूवर टेकतो. सायकलला चालतं, पण टनभर माल लादलेल्या गाडीला त्या काळचे गोळे पुरत नव्हते. सरळ रोलर, म्हणजे लाटण्यासारखे दंडगोल, लांबट रेषेवर टेकतात, त्यामुळे वरचं वजन छान पेलतात. पण आडवा रेटा आला की ते कडेला सरकतात, वाकडे होतात, अडकतात आणि तुटतात. सरळ रस्त्यावर उत्तम चालणारी गाडी वळणावर दगा द्यायची.

टिमकेनने रोलर शंकूच्या आकाराचे केले. एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला बारीक. आतली कडी शंकूसारखी आणि बाहेरची कडी तिच्यावर बसणाऱ्या वाटीसारखी. गॅरेजमध्ये आजही यांना कोन आणि कप म्हणतात ते यामुळेच. मधले रोलर तिरके बसलेले असल्याने वरून आलेलं वजनही तेच घेतात आणि बाजूने आलेला रेटाही तेच घेतात.

यात भूमितीची एक गंमत आहे. कोन, कप आणि रोलर यांच्या तिरक्या रेषा पुढे वाढवत नेल्या, तर त्या सगळ्या आसाच्या मध्यरेषेवर एकाच बिंदूत मिळतात. रोलरचं जाड टोक मोठ्या वर्तुळावर फिरतं, बारीक टोक लहान वर्तुळावर. दोघांचा हिशेब बरोबर जुळतो, म्हणून रोलर न घसटता घरंगळतो. घसट नाही म्हणजे उष्णता कमी आणि झीज कमी.

आणखी एक फायदा म्हणजे हे बेअरिंग झिजून थोडं सैल झालं तर नट जरा आवळून पुन्हा नीट बसवता येतं. कोन कपात किंचित आत सरकतो आणि फट भरून निघते. सरळ रोलरमध्ये ही सोय नाही.

निमुळत्या रोलरची कल्पना टिमकेनच्या आधी कोणालाच सुचली नव्हती असं नाही. पण रस्त्यावरच्या गाडीत टिकेल आणि कारखान्यात बनवता येईल असं रूप तिला त्याने दिलं. या कामात त्याचा जोडीदार होता रेजिनाल्ड हाइन्झेलमन. बायकोच्या माहेरचा, नात्याने भाचा. २८ जून १८९८ ला दोघांच्या नावावर दोन पेटंट मंजूर झाली. टिमकेनच्या वयाला तेव्हा ६६ पूर्ण झाली होती आणि ६७ पूर्ण व्हायला दोन महिनेही उरले नव्हते.

याच काळातला एक किस्सा नेहमी सांगितला जातो. नवी बेअरिंग बसवलेली एक मालगाडी सेंट लुईसच्या रस्त्यावरून चालली होती. माल डोंगराएवढा आणि ओढायला दोन किरकोळ खेचरं. मुक्या जनावरांचा छळ केला म्हणून गाडीवानाला पकडण्यात आलं. मग कोर्टात टिमकेन मंडळींना पटवून द्यावं लागलं की या चाकांमुळे खेचरांना ओझं जाणवतच नाही. किस्सा किती तिखटमीठ लावलेला आहे ते सोडा, पण बेअरिंगची याहून चांगली जाहिरात झाली नसती.

घोडा जाणार हे ओळखलं

१८९९ साली सेंट लुईसमध्ये टिमकेन रोलर बेअरिंग अ‍ॅक्सल कंपनी सुरू झाली.

आता जरा विचार करा. हा माणूस घोडागाडीच्या धंद्यात जवळजवळ पन्नास वर्षं काढलेला. गाडी बनवणाऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेचं अध्यक्षपदही त्याने भूषवलेलं. त्याची सगळी ओळख घोडागाडीची. आणि नेमकं त्याच वेळी रस्त्यावर मोटार नावाचं भुताटकीचं वाहन दिसायला लागलं होतं.

त्याच्या बरोबरीच्या अनेक गाडीवाल्यांनी मोटारीला श्रीमंतांचं खूळ म्हणून हसण्यावारी नेलं. पुढच्या पंचवीस-तीस वर्षांत त्यांचे कारखाने एकामागून एक बंद पडले. टिमकेनच्या घराने उलटा विचार केला. मोटार जड आहे, वेगाने पळते, जोरात वळते. म्हणजे बग्गीला जे बेअरिंग उपयोगी आहे, ते मोटारीला अत्यावश्यक आहे. ज्या यंत्राने घोडागाडी संपवली, त्या यंत्राचं चाक घोडागाडीवाल्याच्या शोधावर फिरायला लागलं.

पण सेंट लुईस अडचणीचं होतं. मोटारी बनत होत्या उत्तरेला, डेट्रॉइट, क्लीव्हलँड, बफेलो या शहरांत. पोलाद येत होतं पिट्सबर्गहून. मग नकाशा बघून या सगळ्यांच्या अधेमधे पडेल असं ओहायो राज्यातलं कँटन शहर निवडलं आणि १९०१-०२ च्या सुमारास कारखाना तिकडे हलवला. गिऱ्हाईकही जवळ आणि कच्चा मालही जवळ.

रोजचा कारभार मुलांनी हातात घेतला. म्हातारा पुन्हा सॅन डिएगोला गेला. मुलांना त्याने दिलेला सल्ला कंपनीत पुढे पिढ्यानपिढ्या सांगितला गेला. त्याचा मतितार्थ असा, की ज्या वस्तूची पुढे लाज वाटेल तिच्यावर आपलं नाव घालू नका.

१६ मार्च १९०९ ला सॅन डिएगोमध्ये हेन्री टिमकेनचं निधन झालं. त्याच वर्षी मुलांनी डेट्रॉइटमध्ये मोटारींच्या आसांसाठी वेगळी कंपनी उभी केली. मोटारयुगाची खरी भरभराट बघायला मात्र तो उरला नाही.

बायकांनी ओढलेलं इंजिन

बाप गेल्यावर मुलांनी धंदा आणखी वाढवला. पहिल्या महायुद्धात चांगल्या पोलादाचा तुटवडा पडला तेव्हा कँटनमध्ये स्वतःचीच पोलाद भट्टी टाकली. बेअरिंगचं आयुष्य पोलादावर अवलंबून, मग पोलाद दुसऱ्याच्या हातात का ठेवायचं, असा साधा हिशेब.

त्यानंतर नजर गेली रेल्वेवर. रेल्वे कंपन्या जुन्या घासणाऱ्या बेअरिंगवर खूश होत्या, नवं काही घ्यायला तयार नव्हत्या. मग १९३० साली टिमकेन कंपनीने स्वतःच्या खर्चाने एक अख्खं वाफेचं इंजिन बनवून घेतलं. नंबर ११११, टोपणनाव फोर एसेस, म्हणजे चार एक्के. त्याच्या सगळ्या आसांवर रोलर बेअरिंग होती. शेकडो टनांचं हे धूड काही तरुणींनी दोर लावून हाताने ओढल्याचे फोटो छापून आले आणि अमेरिकाभर चर्चा झाली. वेगवेगळ्या रेल्वे कंपन्यांच्या रुळांवर ते चालवून दाखवल्यानंतर १९३३ साली नॉर्दर्न पॅसिफिक या कंपनीने ते विकत घेतलं.

भारतात या नावाचा कारखाना यायला बराच काळ गेला. १९८७ साली टाटांच्या भागीदारीत जमशेदपूरसाठी कंपनी स्थापन झाली. पण निमुळतं रोलर बेअरिंग त्याआधी कितीतरी वर्षं जीप, ट्रक आणि ट्रॅक्टरच्या चाकांतून आपल्याकडच्या गॅरेजांत पोचलेलं होतं.

आता तुमच्या गाडीचं काय?

टिमकेनची भूमिती समजली की गॅरेजमध्ये काय चाललंय तेही समजतं.

आवाज कोणत्या बाजूचा? गाडी मोकळ्या रस्त्यावर डावीकडे हलकी वळवली की भार उजव्या चाकावर जातो. तेव्हा घूं घूं वाढला तर बहुतेक उजवं बेअरिंग. उजवीकडे वळवून वाढला तर डावं.

टेपर बेअरिंग असलेल्या पुढच्या चाकात बहुधा दोन बेअरिंग असतात, आत मोठं आणि बाहेर लहान. दोघांची निमुळती टोकं समोरासमोर असतात, म्हणजे एक एका बाजूचा रेटा घेतं आणि दुसरं दुसऱ्या बाजूचा. वरची टोपी काढायची, स्प्लिट पिन काढायची, नट सोडायचा की हब बाहेर येतो. मागचं ऑइल सील काढलं की आतलं बेअरिंग निघतं.

इथे काटकसर नडते. नवा कोन जुन्या कपात बसवायचा नाही. कप हबमध्ये घट्ट ठोकलेला असतो, तो काढायला कष्ट पडतात, म्हणून तसाच ठेवायचा मोह होतो. पण जुन्या कपावर झिजेचे चट्टे असतात आणि नवे रोलर त्यावर थोड्याच दिवसांत खराब होतात. कोन आणि कप जोडीनेच बदलायचे. सीलही नवं टाकायचं.

ग्रीस वरून थापायचं नसतं, तळहातावर घेऊन रोलरच्या आतपर्यंत दाबून भरायचं असतं. शेवटी नट. चाक फिरवत फिरवत आवळायचा, म्हणजे रोलर आपापल्या जागी बसतात, आणि मग गाडीच्या माहितीपुस्तकात सांगितलं असेल तितका सैल करायचा. फार आवळला तर बेअरिंग तापून जळतं, फार सैल राहिला तर चाक डुलतं. नवी स्प्लिट पिन घालायला विसरायचं नाही, कारण नट सुटला तर चाकच निसटू शकतं. आवाज येत असताना पुढच्या महिन्यात बघू म्हणणं म्हणूनच धोक्याचं.

नव्या गाड्यांमध्ये हे काम बरंच बदललंय. अनेक ठिकाणी सीलबंद हब युनिट येतं, आवळायचं काही नाही, गेलं की अख्खं बदला. आधी आपल्या गाडीत कोणता प्रकार आहे ते विचारून घ्या.

सॅन डिएगोच्या बाल्बोआ पार्कमध्ये आज टिमकेनच्या नावाचं एक छोटं कलासंग्रहालय आहे. १९६५ साली उघडलेल्या या इमारतीत जुन्या युरोपियन चित्रकारांची चित्रं लावलेली आहेत आणि आत जायला तिकीट लागत नाही. तिथे येणाऱ्या अनेकांना हे नाव एखाद्या चित्रं जमवणाऱ्या धनिकाचं वाटतं. ते एका गाडी बनवणाऱ्याचं आहे, ज्याने छपन्नाव्या वर्षी काम सोडलं, करमेना म्हणून परत सुरू केलं आणि सदुसष्टीच्या उंबरठ्यावर आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम करून ठेवलं.